नव्या काट्याला कोण धरतं

शाकेंग बंदरावरच्या लिलावाच्या शेडमध्ये त्या दुपारी मासे कमी आणि माणसं जास्त होती. बर्फाचं पाणी पायांखालून वाहत होतं, पण भाव पुकारायला कुणी तयार नव्हतं. सगळ्यांचे डोळे संगणकाच्या पडद्यावर आणि त्याच्यासमोर बसवलेल्या, रोज वजनं नोंदवणाऱ्या श्यु-चूवर खिळले होते.

"बस पोरी. रोजच्यासारखं काम कर," गावचा देवऋषी खो बाबा म्हणाला.

नव्या काट्यावर टोपली चढली. पडद्यावर वजन उमटलं. खरेदीदाराचं नाव निवडायला श्यु-चूने हात पुढे केला आणि आकडा जागीच थिजला. टोपली उतरवली, तरी तोच आकडा. दुसरी चढवली, तरी तोच.

"आता ऊठ."

यंत्र बंद करून पुन्हा चालू केलं. तिच्या जागी बाबाचा भाचा वेन-कुई बसला. त्याने कळा टकटक दाबल्या आणि टोपल्यांमागून टोपल्या बिनबोभाट तोलल्या गेल्या. बायकांनी हात जोडले.

मग बाबाच्या अंगात आलं. अंगात येण्याआधी तो तोंडातली सुपारी थुंकून घेई. देवाला ती चालत नसावी. तो घुमला, त्याने तीन उचक्या दिल्या आणि बारीक आवाजात बोलू लागला, "थंडी वाजतेय. अंगावर पाणीच पाणी. माझ्या बायकोने मला घरी बोलावलं नाही. ती जिथे बसेल तिथे मी काटा धरीन."

श्यु-चूचा नवरा छिंग-शान हिवाळ्यात होडीसकट बुडाला होता. प्रेत मिळालं नव्हतं, आणि बुडालेल्याचा आत्मा घरी बोलावण्याचा विधीही राहून गेला होता.

मच्छीमार संघाचा संगणक जुनाच. त्याला तारा जोडायला दोनच जागा, म्हणजे सीरियल पोर्ट होते: एकावर माउस, दुसऱ्यावर जुना काटा. नव्या वर्षात मासळी वाढली, दुसरा काटा आला, पण त्याची तार लावायला जागाच उरली नव्हती. "त्यासाठी नवा संगणक कशाला?" असं संघाचे प्रमुख यांगकाका म्हणाले. तालुक्याच्या गावी वेन-कुईचं संगणकांचं दुकान होतं. त्याने जास्तीच्या पोर्टांचं एक कार्ड आणून आत बसवलं. त्या दिवसापासून हा प्रकार सुरू झाला. जुना काटा बरा चाले. नवा तेवढा श्यु-चू बसली की अडे.

बाबाने निकाल दिला. बाईने खुर्ची सोडावी, आणि विधी पुरा होईपर्यंत आपल्या मुलीवर सावली पडू देऊ नये. खुर्ची वेन-कुईला मिळाली. सासूने नातीच्या, यी-रूच्या गळ्यात ताईत बांधला आणि तिला काओश्युंग शहरात आपल्या थोरल्या मुलाकडे नेलं.

श्यु-चूने अडवलं नाही. काय म्हणून अडवणार? आकडा तिने स्वतःच्या डोळ्यांनी थिजताना पाहिला होता. आणि एक गोष्ट ती कुणाला सांगू शकत नव्हती. काटा छिंग-शान धरत असेल, तर तो इथेच कुठेतरी आहे, या विचाराने तिला बरं वाटत होतं.

छिंग-शानचा वर्गमित्र पाय, तंत्रशाळेतला मास्तर, भेटायला आला तेव्हा ती अंगणात माकूळ मासळी साफ करत होती. हात चालू ठेवूनच तिने सगळं सांगितलं.

"वहिनी, वेन-कुई नावं कशी निवडतो?"

"बाणाच्या कळांनी."

"आणि तुम्ही?"

"माउसने. पहिल्यापासून. का?"

"उद्या लिलावाला या."

"मला तिथे उभंसुद्धा करत नाहीत, भावजी."

"माझ्या मागे उभ्या राहा."

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये पायने वेन-कुईला काम चालू ठेवायला सांगितलं. वजनं सरसर येत होती.

"आता तो माउस हलव बरं."

"मला त्याची गरज पडत नाही, सर."

"नसू दे. हलव."

वेन-कुई हलेना. शेवटी वैतागून यांगकाकांनीच माउस पकडून गरागरा फिरवला. आकडा थिजला. चटका बसावा तसा त्यांनी हात मागे घेतला.

"काका, छिंग-शानचा तुमच्यावरही राग होता का?" पायने विचारलं. मागे कुणीतरी हसलं.

त्याने यंत्र बंद केलं, संगणकाचा डबा उघडला आणि कार्डावरची नखाएवढी चिमटी दाखवली. "माउसला किंवा काट्याला काही सांगायचं असलं की ते संगणकाची घंटा वाजवतात. हे कार्ड बसवताना नव्या काट्याला माउसचीच घंटा जोडली. माउस हलला की दोघांची गल्लत होते आणि काट्याचं कुणी ऐकत नाही. जुन्या काट्याची घंटा वेगळी, म्हणून तो चालतो." त्याने चिमटी शेजारच्या जागी लावली. "आता नव्या काट्याला वेगळी घंटा दिली." मग यंत्र चालू करून प्रोग्राममध्येही तसं नोंदवून तो बाजूला झाला. "वहिनी, बसा."

श्यु-चू बसली. तिने माउस हलवला. आकडा उतरला, चढला, पुन्हा उतरला. काटा कुणीच धरला नव्हता. कधीच धरला नव्हता.

"देव संतुष्ट झाला," खो बाबा घाईने म्हणाला. "म्हणून मास्तरांच्या हाताला यश आलं." आणि खरोखरच काही माना डोलल्या.

पायने चिमटी आणि नोंद, सगळं पुन्हा पहिल्यासारखं करून माउस हलवला. आकडा थिजला. मग पुन्हा नीट जोडलं. आकडा चालू. "तुमचा देव माझ्या बोटांवर रागावतो आणि निवळतो का, बाबा?"

"तुला हे माहीत होतं?" यांगकाकांनी वेन-कुईला विचारलं.

वेन-कुई खाली बघत म्हणाला, "दुकान चालत नव्हतं. मामा म्हणाला, थोडे दिवस गप्प बस, खुर्ची तुझीच होईल."

बाबा केव्हाच निघून गेला होता. लोकही पांगले, बर्फ वितळत होता, मासळी वाट बघणार नव्हती. श्यु-चूची माफी कुणी मागितली नाही. "चला, झालं एकदाचं," एवढं एक शेजारीण म्हणाली.

रविवारी ती काओश्युंगला गेली. सासूने सगळं ऐकून घेतलं. "कळलं मला. तारांचा घोळ होता. माझं चुकलं. ने पोरीला."

यी-रू दाराआड उभी होती, ताईत मुठीत घट्ट धरून.

"ये गं, घरी जाऊ."

"तुझी सावली पडेल," मुलगी म्हणाली.

श्यु-चूने तिला हरतऱ्हेने समजावलं. मुलगी आजीच्या पाठीमागे जाऊन रडू लागली. तिला ओढून न्यायचं श्यु-चूच्या जिवावर आलं. पुढच्या रविवारी येते, असं सांगून ती एकटीच बसमध्ये चढली.

चिमटी हलवायला पायला क्षणभर लागला. त्या मुलीच्या मनातली भीती काढायला किती लागेल, हे कुणीच सांगू शकत नाही. तेव्हा वाचकहो, एखाद्या बाईकडे बोट दाखवून कुणी चमत्कार सांगू लागला, तर एवढंच विचारा: तिच्या जागी दुसरं कुणी बसलं, तेव्हा त्याने ती करत होती तेच, अगदी तेच केलं होतं का? शाकेंगला इतकी माणसं जमली होती. पहिल्याच दिवशी एकाने जरी हे विचारलं असतं, तरी पुरलं असतं.