परतीची वायर

नणंद-भावजयीचं वैर इतकं जुनं, की त्यावर गंज चढून, झडून, पुन्हा चढला होता. नणंद गाड्यांचं वायरिंग करायची. बापामागं गॅरेज तिनं एकटीनं चालवलं. पण कुलपाच्या किल्ल्या दोन, आणि दुसरी वहिनीच्या कमरेला, नवऱ्याचा अर्धा वाटा म्हणून. नवरा दोघींपुढं नुसता घसा खाकरायचा, आणि त्याला कुणी मत म्हणत नाही.

वहिनीला तिथं स्टिरिओचं दुकान थाटायचं होतं. एके सकाळी तिनं आपली लालभडक गाडी गॅरेजात आणून घातली. डिकीत कपाटाएवढे स्पीकर. दणका वाजला की हेडलाईट डोळे मिचकावायचे.

"वन्सं, मोठी विद्या आहे ना तुमच्याकडे? एक अख्खं गाणं दिवे न मिचकावता वाजवून दाखवा. जमलं तर ही किल्ली तुमची. नाहीतर उद्या सामान उचला."

"दिवे मिचकावतात कारण वीज पुरवणारा तुमचा अल्टरनेटर उपाशी आहे, वहिनी. तुमच्या घरातल्या सगळ्यांसारखा."

नणंदेनं थोरला अल्टरनेटर बसवला, जोडीला दुसरी बॅटरी, अंगठ्याएवढी जाड लाल वायर. मग काळी हातात घेतली. "ही बॉडीला जोडायला इथला रंग खरवडावा लागेल. बोटभर."

"एक ओरखडा दिसला तर हात मोडीन!"

"मग थेट बॅटरीपर्यंत नेते. लालमधून जेवढा करंट जातो, तेवढा काळीतून परत यायला हवा. त्याची वाट अडवली तर भलत्याच दारातून घुसतो."

वहिनीनं हे दोन्ही कानांनी ऐकलं.

नणंद जेवून परतली, तर वहिनी सीटवर बसून गोड हसत होती. मागं एकदा ती अशी हसली होती, तेव्हा तीन गल्ल्यांतलं दूध नासलं होतं.

"लावा गाणं," नणंद म्हणाली.

असा दणका बसला, की समोरच्या न्हाव्याच्या गिऱ्हाइकाची अर्धी मिशी वस्तरा न लावताच उतरली. शिंप्याच्या सुईत दोरा आपोआप ओवला गेला. चौथ्या मजल्यावरच्या आजोबांची कवळी खिडकीतून उडाली, खाली पडेपर्यंत दोन शिव्या देत आली. पण हेडलाईट? बुबुळ हललं नाही! वहिनी डोळे फाडून दिव्यांकडे बघत राहिली. जळका वास सुटला तरी तिची मान वळली नाही.

गाणं संपलं. वहिनीनं कमरेची किल्ली फरशीवर भिरकावली, गाडी चालू केली, हँडब्रेक खाली दाबला. दाबला, ओढला, दोन्ही हातांनी लोंबकळली. ढिम्म.

नणंदेनं गाडीतला गालिचा उचलला. अंगठ्याएवढ्या काळ्या वायरीच्या जागी सुतळीएवढी वायर, तीही वितळलेली. जाडी वायर वहिनीच्या पर्समधून शेपूट काढून बघत होती. करंट बिचारा हँडब्रेकच्या तारेवरून घरी गेला होता, आणि जाता जाता ती तार भोवतीच्या नळीला चिकटवून गेला होता.

"दिवे मिचकावतील असं वाटलं होतं ना?"

"तोंड आवर! सोडव हे."

"सोडवते की. पण नवी तार बांधायला नवी क्लिप, आणि क्लिप डकवायला..." नणंदेनं खिशातून पॉलिशपेपर काढला, "रंग खरवडावा लागेल. बोटभर नाही आता. हातभर."

"मेले तरी हात लावू देणार नाही!"

"बरं. राहू दे गाडी. जागा माझीच आहे."

वहिनी पाय आपटत निघाली. कोपऱ्यापर्यंत पोचली असेल नसेल, मागून आवाज आला: खर्र, खर्र, खर्र.