समुद्रापासून हजार फूट

मी दातांच्या डॉक्टरांच्या ड्रॉवरमधून बोलतोय. शेजारी जुन्या कवळ्या आहेत. मी पूर्वी विमानात होतो, हे त्यांना काही केल्या पटत नाही.

मी जीपीएस. डॉक्टरांच्या चार सीटच्या विमानात वाट दाखवायचो. पण माझी खरी करामत चढ-उताराची. किती उंचीवर जायचंय, मुक्कामाच्या किती मैल आधी, मिनिटाला किती फूट, एवढं सांगा. चढायला किंवा उतरायला कधी लागायचं ते मी सांगतो. अट एकच. मी उंची समुद्रापासून मोजतो. खाली जमीन कुठे वर आलीय, ते मला ठाऊक नसतं. माहितीपुस्तकाच्या पहिल्याच पानावर लिहिलंय. डॉक्टरांनी ते उघडलंच नाही. पेशंटना मात्र रोज ब्रश कसा करावा याचे कागद वाटतात. लोका सांगे ब्रह्मज्ञान!

त्या रविवारी शेजारी बाई होत्या, डॉक्टरांची बायको. उतरायचं मैदान पठारावर, समुद्रापासून एकवीसशे फूट. मैदानाच्या वर हजार फुटांवर यायचं, म्हणजे माझ्यात एकतीसशे घालायला हवेत. डॉक्टरांनी घातले हजार. जमिनीच्या पोटात अकराशे फूट! विहीर खणायची होती की काय, देव जाणे.

मी म्हटलं, उतरा. हे उतरायला लागले. डोळे माझ्या पडद्यावर. खिडकीबाहेर बघतंय कोण?

"अहो, त्या मेंढ्यांचे कान दिसतायत!"

"यंत्र बरोबर सांगतंय गं."

"यंत्राला मेंढ्या दिसत नाहीत! वर घ्या आधी!"

घेतलं एकदाचं वर. मेंढ्या चौखूर उधळल्या म्हणे.

खापर अर्थातच माझ्यावर. "ते यंत्र दगाबाज निघालं," असं डॉक्टर प्रत्येक पेशंटला सांगत सुटले. पेशंट बिचारा आ वासून बसलेला, तो नाही कसं म्हणणार? माझ्या जागी मोठ्या पडद्याचा नवा जीपीएस आला आणि मी इथे.

उद्या सकाळी त्याच मैदानावर जायचंय, लेकीला घेऊन. आज दुपारी बाई कात्री शोधत आल्या आणि मी हाताला लागलो. त्यांनी मला चालू केलं. बॅटरीत धुगधुगी होती. शेवटचा बेत जसाच्या तसा माझ्या पडद्यावर आला.

"अहो, इकडे या. हा हजार कुणी घातला?"

डॉक्टर कात्री शोधायला लागले.

"आणि नव्यात?"

बाईंनी टेबलावरचा नवा चालू केला. उद्याच्या बेतातही हजार.

मी हसणारच होतो. पण बाहेर पोरगी गुणगुणत उद्याची पिशवी भरत होती. हसू तिथेच विझलं.

बाईंनी ड्रॉवरच्या तळातून माझं पुस्तक काढलं, डॉक्टरांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाल्या, "मोठ्यानं वाचा."

तुमच्याही घरात एखादं 'बिघडलेलं' यंत्र पडलं असेल, तर फेकण्याआधी त्याला काय सांगितलं होतंत, ते एकदा बघा. एवढीच विनंती.

डॉक्टर वाचतायत. "उंची... समुद्रसपाटीपासून..."

"पुन्हा," बाई म्हणतात.