खुर्चीतली सावत्र आई

मंजुळा बाईंच्या डोक्यात हे खूळ कुणी भरवलं, देव जाणे! चौथी ‘ब’च्या पालकांना सकाळी सकाळी शाळेत बोलावलं आणि वर्गाच्या मधोमध एक खुर्ची मांडली. पोरांनी डब्यातून चिठ्ठी काढायची, गोष्टीतलं जे पात्र निघेल ते बनून खुर्चीत बसायचं आणि वर्ग विचारेल त्याची उत्तरं द्यायची. राक्षस झाला, चेटकीण झाली, पोरं खिदळली. तिसरी चिठ्ठी अंतराने उघडली आणि मोठ्याने वाचली, “सावत्र आई.”

मागच्या बाकावर बसलेल्या रचनाने ओढणी गळ्याशी घट्ट ओढून घेतली.

कारण ती होतीच अंतराची सावत्र आई. तानाजीशी लग्न होऊन दीड वर्ष झालेलं. आधी राहायचे त्या कोपरीत सगळी आळी येता-जाता ‘सावत्र, सावत्र’ करायची, म्हणून तर पाण्याचे हाल पत्करून त्यांनी दिव्याला बिऱ्हाड हलवलेलं. इथे कुणाला, अगदी बाईंनासुद्धा, पत्ता नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची! पहिली बायको वारली असेल तर दुसरीने तिच्या नावाचा चांदीचा टाक गळ्यात घालायचा, ही सासूकडची रीत. तो टाकही रचना ओढणीखाली लपवून ठेवायची.

“तू पोरीला उपाशी ठेवतेस का?” सिद्धेशने सुरुवात केली.

“नाही. रोज डबा देते. कारलं पण देते,” अंतरा म्हणाली. वर्ग हसला.

“मारतेस?”

अंतरा नखं कुरतडत बसली. नाही म्हण गं बाई, नाही म्हण, रचना मनातल्या मनात विनवत होती.

“एकदाच मारलं. शनिवारी. मी आंघोळीला गेलेले, तेव्हा तिने माझी गळ्यातली काढून ठेवलेली वस्तू घेतली.”

“जादूची?”

“नाही रे. तिच्या आईची. तिला फक्त एक रात्र उशीखाली ठेवायची होती. मला वाटलं, चोरली.”

एवढंच होतं? रचनाने विचारलंच नव्हतं. आधी थोबाडीत दिली आणि वर दोन दिवस अबोला धरला, शहाणीने! तिला स्वतःचीच चीड आली.

“मग तिने बाबांना तुझं नाव सांगितलं?”

“नाही.”

“का?”

अंतराचा आवाज अगदी बारीक झाला. “बाबांनी मला माहेरी पाठवलं असतं ना. मग ती परत एकटी राहिली असती.”

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाकावर शेजारी बसलेल्या शांताबाईंनी रचनाला कोपर मारलं. “काय ॲक्टिंग करते गं तुझी पोरगी! मला तर खरंच वाटलं.”

वाचली की! कुणाला काही कळलं नव्हतं. आता चार टाळ्या वाजवायच्या आणि गपचूप घर गाठायचं. पण अंतरा खुर्चीतून उठेना. “चल बाळा, झालं तुझं,” बाई दोनदा म्हणाल्या, तरी ती मागच्या बाकाकडेच बघत राहिली.

रचना उभी राहिली. “बाई, माझा एक प्रश्न आहे. त्या आईने पोरीची माफी मागितली का?”

अंतराने मान हलवली. “अजून नाही.”

रचना बाकांमधून वाट काढत खुर्चीपाशी गेली. सगळ्यांच्या नजरा तिच्या पाठीवर होत्या, शांताबाईंच्या तर पहिल्या. होऊ दे काय व्हायचं ते.

“ती सावत्र आई मीच आहे,” ती वर्गाला ऐकू जाईल असं म्हणाली आणि अंतरासमोर खाली बसली. “चुकलं माझं. आधी तुला विचारायला हवं होतं.”

तेव्हा कुठे, शनिवारपासून डोळ्यांतून टिपूस न काढलेली ती पोर हमसून हमसून रडायला लागली.