शेलला आठवणारी ओळ

भिंगरीने लॅपटॉपवरचा आपला शेल कित्येक दिवसांत बंद केलाच नव्हता. प्रोग्राम लिहायच्या एडिटरच्या खिडकीचे दोन भाग: वर तिचा प्रोग्राम, खाली शेल. वरची ओळ एका बटणासरशी खाली पाठवायची, की शेल ती तिथल्या तिथे चालवणार आणि पुढेही लक्षात ठेवणार. दरवेळी पहिल्यापासून सुरुवात करायची कटकटच नको! काम झालं की भिंगरीबाई नुसतं लॅपटॉपचं झाकण मिटायच्या.

प्रोग्राम होता समूहगायनाच्या मुलांना उंचीप्रमाणे रांगेत लावणारा. शाळेच्या प्रदर्शनासाठी भिंगरीने आणि तिच्या जिवलग मैत्रिणीने, छोटीने, मिळून लिहिलेला. शेवटी भिंगरीने तो झाडूनपुसून लख्ख केला, नको त्या ओळी उडवल्या आणि छोटीला पाठवला.

छोटीच्या मशीनवर तो पहिल्याच फटक्यात आडवा. लाल अक्षरांत उत्तर आलं: 'उंची' नावाचं काही मला माहीत नाही.

"माझ्याकडे तर घोड्यासारखा पळतोय!" भिंगरी सगळ्या वर्गासमोर म्हणाली. "तूच काहीतरी घोळ घातलायस. तू बुटकी, तुझं मशीनही बुटकं, त्याला कुठून माहीत असणार उंची?"

वर्ग खो खो हसला. छोटी नाही हसली. भिंगरीला तेवढ्यावर राहवेल तर ना! "बाई, मी एकटीच करते," ती संगणकाच्या बाईंना म्हणाली. "हिच्यामुळे ऐन वेळी फजिती व्हायची." बाईंनी भिंगरीच्या लॅपटॉपवर पाहिलं, प्रोग्राम झकास चालला, आणि छोटीचं नाव कटलं.

प्रदर्शनाच्या सकाळी भिंगरीने झाकण उघडलं, तर एडिटरच गायब.

"बाबा, याला हात कुणी लावला?"

"मी," बाबा तोंडात ब्रश धरूनच म्हणाले. "रीस्टार्ट करा, रीस्टार्ट करा म्हणून कधीची भुणभुण लावली होती त्याने. टाकला करून."

तिने नवा शेल उघडून प्रोग्राम चालवला. लाल अक्षरं. 'उंची' नावाचं काही मला माहीत नाही.

भिंगरीने प्रोग्राम पहिल्या ओळीपासून वाचून काढला. उंची वाचून घेणारी ओळ साफसफाईत तिनेच उडवली होती. जुन्या शेलला ती आठवत होती, म्हणून इकडे सगळं आलबेल. छोटीच्या नव्या शेलला कोण सांगणार होतं?

ओळ परत लिहायला कितीसा वेळ! लिहिली. चालला. कुणाला पत्ताही लागला नसता. पण कानशिलं नुसती तापली होती, आणि छोटीचा तो न हसणारा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

शाळेत संगणकाची खोली भरली. छोटी शेवटच्या बाकावर, खिडकीकडे तोंड करून.

"चल भिंगरे, दाखव," बाई म्हणाल्या.

भिंगरीने ती ओळ खोडली. शेल बंद केला, नवा उघडला, बटण दाबलं. मोठ्या पडद्यावर लालेलाल.

"अगं, हे काय?"

"हा घोळ माझा आहे, बाई. छोटीचा नव्हताच. ओळ मीच उडवली. माझा शेल जुना होता, म्हणून चालत होतं. आणि वर मी तिलाच बुटकी म्हटलं. तिचं नाव परत घाला. हवं तर माझं काढा."

कुणीतरी फिसकन हसलं. भिंगरीला मान वर करवेना.

मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. छोटी आली, तिला कोपराने बाजूला सारून कीबोर्डपाशी बसली.

"मी अजून बोलत नाहीये तुझ्याशी," ती म्हणाली. "ओळ सांग."