बेडक्यातला बेडूक

भाऊसोच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. त्याची बायको राहीबाई तापानं फणफणली होती, खोकताना गंजाच्या रंगाचा बेडका पडत होता, आणि नाथाजीमहाराजांनी निदान करूनही टाकलं होतं.

"छातीत बेडूक बसलाय. त्याबिगर बेडका पडंल का?"

शब्दावरून रोग ओळखणारा हा पहिलाच वैद्य कोरेगाव तालुक्याला लाभला होता! महाराजांनी राहीबाईच्या तोंडावर रुमाल धरला, "हुर्र फट्!" केलं आणि रुमालातून जिवंत बेडूक काढला. "चांगभलं!" लोक ओरडले. शहाणीसुरती माणसं बेडकाच्या पाया पडली. मला हसू येत होतं, पण राहीबाईची धाप तशीच चालू होती.

एवढ्यात भाऊसोची पुतणी अंकिता आली. ती कोरेगावात डॉक्टर आहे. छाती तपासून ती म्हणाली, "काका, काकूचे ओठ निळे पडायला लागलेत. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्यायचं."

"अगं, बेडूक निघाला न्हवं?"

"मग धाप का थांबत नाही?"

महाराज खाकरले. "जोडी हाय ती. मादी आत ऱ्हायलीय. बाईला हलवलं तर काळजाकडं उडी मारंल."

भाऊसो खाटेसमोर आडवा उभा राहिला. "मग न्हाई हलवायचं!"

"बरं. मादी काढा, पण बाह्या वर करून," असं म्हणत अंकितानं महाराजांचा हातच वर उचलला. कफनीच्या बाहीतली ओली पिशवी सुटली आणि टुणटुण बेडूक बाहेर पडले. एक थेट भाऊसोच्या टोपीवर बसला.

"आयला, ही जोडी न्हवं, वरात हाय!" भाऊसो ओरडला.

महाराज कुंपणावरून उडी मारून पसार झाले.

दवाखान्यात ऑक्सिजन आणि इंजेक्शन सुरू झालं. अंकितानं बेडक्याचा थेंब काचेवर रंगवून भाऊसोला सूक्ष्मदर्शकातून दाखवला. जांभळे, टोकदार ठिपके, दोन-दोन मिळून, भोवती फिकट कडं.

"जोडी हाय की गं!"

"हे न्यूमोनियाचे जंतू. ते कडं म्हणजे त्यांचं कवच. त्यामुळं रक्तातल्या पांढऱ्या पेशींना ते सहज गिळता येत नाहीत. गुलाबी, काडीसारखे दिसले असते तर जंतू वेगळा, औषधही वेगळं. म्हणून आकार नीट बघायचा."

"आन् पाय?"

"नसतात, काका."

ताप उतरला तशी राहीबाई उठून बसली. बायामाणसं भेटायला आली. भाऊसो त्यांना बेडकाची गोष्ट रंगवून सांगू लागला, तेव्हा राहीबाई भडकली.

"आवं, बेडूक निघाला म्हणून समदी पाया पडलासा. पर एकानं तरी इचारलं का, मी त्यो गिळला कवा?"