एक लिटर पाणी

गंगाखेडच्या बसस्थानकासमोर माझं मेडिकल आहे आणि माझा स्वभाव तापट आहे. गावाला या दोन्ही गोष्टी चांगल्या माहीत आहेत. चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मी बापाला पण देत नाही, त्यावरून दिवसाला दोन भांडणं ठरलेली. बाकी सर्दीची गोळी, खाजेचं मलम, जुलाबावरचं ओआरएसचं पाकीट हे हात लांब करून द्यायचं आणि पुढच्याला ‘बोला’ म्हणायचं. एकोणीस वर्षं हेच चाललंय. गंमत अशी की बरा झालेला माणूस मेडिकलवाल्याला सांगायला कधी येत नाही. त्यामुळे मी पोत्यानं औषधं विकली, पण एखादं औषध अंगात शिरून काम करतंय हे माझ्या डोळ्यांनी मी एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या लेखी पाकीट काउंटरच्या पलीकडे गेलं की संपलं.

मागच्या मंगळवारी सरजाबाई आल्या. आमच्या मागच्या गल्लीत राहतात. मुलगा सिद्धोधन साखर कारखान्यात पाळीवर असतो, सून दुसऱ्या बाळंतपणाला माहेरी गेलेली, आणि दोन वर्षांची नात पिंकी आजीपाशी. पिंकीला जुलाब लागले होते. मी ओआरएसचं पाकीट दिलं.

“कसं करायचं ह्याचं, बन्सीभाऊ?”

दुकानात तेव्हा सात-आठ गिऱ्हाईकं होती. “पाकिटावर लिहिलंय की मावशी! पाण्यात घोळा अन् पाजा. चला, पुढं कोण हाय?”

सरजाबाईंना वाचता येत नाही. हे मला माहीत होतं.

बुधवारी सकाळी साडेदहाला त्या परत आल्या. पिंकी खांद्यावर पडलेली, आणि दुसऱ्या हातात पदराखाली झाकलेला स्टीलचा पेला.

“भाऊ, ह्या पाण्यानं काईच गुण न्हाई बगा. पोरगी तोंडात घ्यायली की थुकायली. जुलाब चालूच हायत. एखादी जालीम गोळी द्या.”

मी पेला घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं. लोणच्याचा खार परवडला! घशापर्यंत चरचरलं.

“किती पाण्यात केलं, मावशी?”

“एक पाकीट, एक पेला. पानी लय घातलं तर पुचाट व्हईल ना. म्हून कडकच केलं.”

चहा कडक केला की तरतरी येते, काढा कडक केला की घसा सुटतो. त्या हिशेबानं बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. एक लिटरचं पाकीट त्यांनी एका पेल्यात घोळलं होतं, ते मी त्यांना आता सांगितलं. पिंकीला अक्कल आजीपेक्षा आणि माझ्यापेक्षा जास्त, म्हणून तिनं ते थुंकून टाकलं. पण मग कालपासून तिच्या पोटात काहीच गेलं नव्हतं आणि बाहेर मात्र सगळं चाललं होतं. तिचे डोळे खोल गेले होते, ओठांवर पापुद्रे होते. ती रडत होती, पण आवाज निघत नव्हता.

मी शटर ओढलं. भर बाजाराच्या वेळी शटर ओढलेलं बघून शेजारचा माणिकराव पानवाला टपरीतून बाहेरच आला. त्याला काही न सांगता मी दोघींना स्कूटरवर बसवलं आणि सरकारी दवाखाना गाठला.

तिथल्या डॉक्टर मंजुषा मॅडमनी पिंकीच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच बसायला हवी, पण सावकाश, जिवावर आल्यासारखी बसली. “ओआरएस दिलं नव्हतं का?” त्यांनी विचारलं.

“दिलं, पर म्याच कडक केलं, मॅडम,” सरजाबाई मान खाली घालून म्हणाल्या. “चूक माझीच हाय.”

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडलं असतं तर दोन वाक्यांचं काम होतं, पण मी उघडलं नाही. काल गिऱ्हाइकांसमोर केवढा आवाज निघाला होता माझा!

“सलाईन लावा, मॅडम,” सरजाबाईंनी हात जोडले.

“आत्ता नको. ती पाणी मागतेय, गिळतेय. तेच पाकीट द्यायचं, पण एक लिटर पाण्यात. चमच्यानं, थांबत थांबत. ओकली तर दहा मिनिटं थांबा आणि परत सुरू करा. चार तास इथंच माझ्या नजरेसमोर बसा. तेवढ्यात सुधारली नाही तर मग सलाईन.”

खरं सांगतो, मला पटलं नाही. पोरगी वाळून चाललीय आणि ह्या बाई माझ्याच दुकानातलं, पोत्यानं विकलेलं, कुणी ढुंकून बघत नाही असलं पाकीट पाजायला सांगतात! पण लिटरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी घेतलं, पाकीट ओतलं, हलवलं. आधी स्वतः चाखलं. अश्रूंना जेवढी खारट चव असते तेवढीच.

आम्ही बाकावर बसलो, पण सरजाबाई चमच्याला हात लावायला तयार नव्हत्या. म्हणून पिंकी माझ्या मांडीवर आली आणि चमचा माझ्या हातात.

पहिला अर्धा तास काहीच नाही. एक चमचा, मग मिनिटभर दम. मग परत एक. एकदा ती भडभडून ओकली. दहा मिनिटं मी भिंतीवरच्या घड्याळाचा काटा ढकलत बसलो. शेजारी सरजाबाई स्वतःशीच पुटपुटत होत्या, “माज्या हातात इख हाय का गं बाई, माज्या हातात इख हाय का.” मी ऐकत होतो आणि चमचा भरत होतो.

तासाभरानं तिनं थुंकी गिळली. म्हणजे तोंडाला थुंकी सुटली होती! मी वाकून बघितलं. पापुद्र्यांखाली ओठ ओले दिसत होते. दुसऱ्या तासात तिचा हात हलला आणि चमच्याचा दांडा तिनं धरला. काय ती पकड! दोन वर्षांच्या पोरीची पकड ती केवढी, पण माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. मग डोळे. पाट सोडल्यावर वाफ्याच्या टोकाला माती गडद होत जाते, तसे ते डोळे भरत गेले. मीठ, साखर आणि पाणी. दुसरं काही नाही. आणि ते जातंय कुठं, त्याला वाट कोण दाखवतंय, कुठल्या कोपऱ्यात किती लागतं हे त्याला कसं कळतंय? फार्मसीच्या पुस्तकात मी ते सगळं पाठ केलं होतं, परीक्षेत लिहून मार्क घेतले होते. पण त्या बाकावर मला वाटलं, मला यातलं अक्षर माहीत नाही. मी नुसता बघत राहिलो. तोंड उघडं होतं म्हणे माझं, नंतर मंजुषा मॅडमनी सांगितलं.

दीड वाजता माझी पँट ओली झाली. आधी वाटलं बाटली कलंडली. मग कळलं.

“मुतली!” मी ओरडलो. अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. “मॅडम, मुतली!”

मॅडम हसत आल्या, पोटाची कातडी पुन्हा चिमटीत धरली. ती चटकन जागेवर बसली. “आता काळजी नाही. झिंकच्या गोळ्या चौदा दिवस द्या, आणि प्रत्येक जुलाबानंतर हे पाणी चालू ठेवा.”

सरजाबाई खाली बसल्या आणि त्यांनी माझ्या पायांना हात लावला. आईच्या वयाची बाई! मी पाय ओढून घेतले.

“मावशी, पाया नका पडू. चूक तुमची न्हाई. तुमी कसं करायचं इचारलं व्हतं, अन् मी खेकसलो. किती पाण्यात ते सांगितलंच न्हाई. तुमाला वाचता येत न्हाई हे ठाव असून.”

त्या खालूनच माझ्याकडे बघत उठल्या. त्यांचा आवाज चढला नाही, चढला असता तर बरं झालं असतं.

“मंग मॅडम इचारायल्या तवा गप काहून बसलात? मी सकाळधरनं इथं माज्या हातांस्नी शिव्या घालायले. तुमी बाजूलाच व्हतात. आयकत व्हतात ना?”

“हाव.”

पिंकी आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती. सरजाबाईंनी पदरानं डोळे पुसले, तिला माझ्याकडून घ्यायला हात पुढे केले आणि मध्येच थांबवले. मग बाटली उचलून उजेडात धरली.

“आजून हाय त्यात,” त्या म्हणाल्या. “पाजा तुमीच. अन् पाजता पाजता आता मला सांगा, समदं, पयल्यापून. मी चार बायांस्नी सांगंन.”

मी चमचा भरला. “हे बघा मावशी, आधी हात धुवायचे,” मी सुरुवात केली, आणि पिंकीनं आ केला.