लाल धाग्याचा टोमॅटो

आधी दोष मातीला गेला. मग पाण्याला, मग शेजारच्या मांजरीला, आणि शेवटी सूनबाईच्या स्वतःच्या हाताला. सासऱ्यांचे टोमॅटो वर्षागणिक खंगत का चाललेत, याचा छडा लावायचाच असं तिनं ठरवलं होतं. पण छडा काही लागत नव्हता.

पाच वर्षांपूर्वी सासरे आपलं घर विकून लेकाकडे राहायला आले, ते दोन बॅगा आणि एक खाकी पाकीट घेऊन. पाकिटात टोमॅटोच्या बिया. हा वाण त्यांच्या आईपासून चालत आलेला, बाजारात कुठं मिळायचा नाही. गुलाबी, चुण्या पडलेला आणि एका हातात मावणार नाही एवढा. पहिल्या वर्षी मागच्या अंगणात चाळीस रोपं तरारून आली होती. यंदा तेवढ्याच बिया टाकल्या आणि उगवली तीन. त्यातली दोन जन्माचीच आजारी, आणि तिसऱ्याला धरलं एकच फळ.

"पुढच्या वर्षी बहुतेक नाहीच," सासरे म्हणाले आणि त्यांनी पेपरात तोंड घातलं. तिला वाटलं, या माणसाजवळ त्याच्या आईचं दुसरं होतं काय?

नवरा शाळेत गणित शिकवायचा. त्यानं पाच वर्षांचा आलेख काढून दिला.

"उतरता आहे," तो म्हणाला.

"ते मलाही दिसतंय. का उतरता आहे?"

"ते आलेख सांगत नाही."

गणिताच्या माणसाशी संसार केला की अशीच उत्तरं मिळतात.

बरं, सासऱ्यांच्या कष्टात कसर म्हणाल तर काडीची नव्हती. काठ्या रोवायच्या, पिवळी पानं खुडायची, किडे वेचायचे, दिवसभर हेच. आणि दरवर्षी न चुकता सगळ्यात जोमदार रोपाच्या सगळ्यात देखण्या फळाला ते लाल धागा बांधायचे. धागा तिच्याच शिलाई मशीनवरचा, म्हणजे फळही तिचंच. पहिल्या वर्षी तो दिसला तेव्हा ती रोपापाशी उभीच राहिली. माहेरी पाच भावंडांत ती चौथी. चांगलंचुंगलं तिच्यापर्यंत पोचायच्या आत संपलेलं असायचं. तिच्यासाठी कुणी काही वेगळं काढून ठेवलंय, असं जन्मात पहिल्यांदा घडत होतं. नवरा शाळेत गेलेला. तिनं फळ तोडलं, चिरलं, मीठ लावून सासऱ्यांपुढं ठेवलं.

"बाबा, माझ्यासाठी खूण करून ठेवलीत ना?"

सासऱ्यांनी एकदा फोडींकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. मग म्हणाले, "हो, मग! दुसऱ्या कुणासाठी?"

तेव्हापासून हा शिरस्ताच पडला. यंदाच्या एकुलत्या फळालाही धागा होताच.

अशात नणंद दोन दिवसांसाठी आली. अंगणात पाऊल टाकताच तिला धागा दिसला आणि ती हसत सुटली.

"अजून बांधतात का बाबा? आमची काय बिशाद होती धाग्याच्या टोमॅटोला हात लावायची! मी एकदा तोडला, तर दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशी."

"का?"

"का म्हणजे? तो बियाण्याचा. झाडावरच पार मऊ पडू द्यायचा आणि त्याच्याच बिया पुढच्या वर्षी लावायच्या. तुला माहीत नव्हतं? तुझ्या नवऱ्याला तर असणारच नाही, तो तेव्हाही पुस्तकात डोकं खुपसून बसायचा."

नणंद गेली, पण सूनबाईचं डोकं काही ठिकाणावर येईना. चार वर्षं चार टोमॅटो तिनं मीठ लावून फस्त केले होते. मग सासरे बिया कशाच्या धरायचे? हंगाम सरताना रोगट झाडांवर उरलेली सुरकुतलेली फळं ते कुस्करत बसायचे, ते तिनं पाहिलं होतं. तिला वाटायचं, अशीच पद्धत असेल. पण मग बोलले का नाहीत? पोटच्या मुलीवर दोन दिवस रुसणारा माणूस सुनेपुढं मूग गिळून का बसला? ती काय एवढी कजाग होती? की परकी? विचारांच्या नादात तिनं एका गिऱ्हाइकाच्या सदऱ्याला उजवी बाही डावीकडे जोडली, उसवली आणि पुन्हा तिथंच जोडली.

शेवटी एवढंच ठरलं, की फळ तोडायचं नाही.

फळ पिकलं. "पिकलंय हं," सासरे म्हणाले. "हो का," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी दुपारी ते मशीनपाशी येऊन उभे राहिले.

"माझं काही चुकलं का गं?"

तिनं पायडलवरचा पाय काढला. "बाबा, तो बियाण्याचा आहे ना?"

सासऱ्यांनी चष्मा काढून उगाचच पुसला. "ताई बोलली वाटतं."

"तुम्ही एका शब्दानं सांगायचं होतं! निदान चिरताना बिया तरी मागायच्या. मी बाजूला काढून दिल्या असत्या."

"मागितल्या असत्या, तर तो तुझ्यासाठी ठेवलेला राहिला असता का?" ते हळूच म्हणाले. "किती खूश झाली होतीस तेव्हा."

"अहो, पण तुमच्या आईचा वाण! बुडायला आला तो!"

"कळत होतं मला. दरवर्षी ठरवायचो, यंदा सांगून टाकू. मग तू ताटली घेऊन यायचीस."

तिला राग आला. त्यांचा की स्वतःचा, ते समजेना. डोळे भरून आले ते कशानं, तेही समजेना.

"यंदाचा तोडायचा नाही," ती दरडावून म्हणाली. "मऊ पडू दे चांगला. एकूण एक बी ठेवायची."

सासऱ्यांनी आज्ञाधारकपणे मान हलवली. दारापर्यंत गेले, थबकले आणि परत फिरले. मोठं कोडं पडल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता.

"मग यंदा तुला काय?"